टाकीकडची बाजू

‘हे दोघं उलटे उभे केल्यात की ओ तुम्ही,’ आमचे नवे कोच गावडे सर म्हणाले आणि त्यांनी फळ्याकडं बोट केलं.

कोल्हापुरातल्या आमच्या चिंचबन तालमीच्या आखाड्याशेजारी एक खोली होती. तिथं आम्ही फुटबॉलवाले मांडी घालून बसलो होतो. सरांनी फळ्यावर खडूनं मैदान काढलं होतं. उजव्या कडेला गोल करून त्यात माझं नाव लिहिलं होतं, रणधीर इंगवले. डाव्या कडेला तसंच प्रताप साळोखेचं. सरांनी तळव्यानं दोन्ही नावं पुसली आणि अदलाबदल करून पुन्हा लिहिली. दाराशी बसलेले माझे वडील यशवंत इंगवले, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते उठून उभे राहिले.

‘पुसलेलं पहिल्यासारखं लिवा,’ आबा म्हणाले.

‘अवो इंगवले, तुमचा पोरगा डाव्या पायाचा आहे. उजव्या कडेनं हा पळतोय चांगला. पण गोलासमोर सेंटर टाकायची वेळ आली की थांबतोय, बॉल फिरवून डाव्या पायावर घेतोय. तवर समोरचा बॅक चहा पिऊन येतोय. प्रताप उजव्या पायाचा, तो डाव्या कडेला तेच करतोय. दोघांना नुसतं इकडचं तिकडं करायचं. एवढंच.’

‘एवढंच?’ समोरच्या भिंतीपाशी प्रतापचे वडील, रावबा साळोखे, तेही उभे राहिले. ‘ह्यो माणूस एवढंच म्हणतोय बघा!’

आबा आणि रावबा एका बाजूनं बोलतायत, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. सरांचा त्यात काही दोष नव्हता. ते बेळगावचे, मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या तालमीच्या मारुतीची पालखी निघते. तिच्या पुढच्या दांड्याला उजवा खांदा इंगवल्यांचा आणि डावा साळोख्यांचा, हा मान कधीपासूनचा ते मारुतीलाच ठाऊक. पुढं पेठापेठांतून फुटबॉलचं वेड शिरलं, तालमीनं टीम काढली आणि कुणी कुठं उभं राहायचं असा प्रश्न आला. आमच्या पणजोबांच्या पिढीनं त्यावर फार डोकं शिणवलं नाही. पालखीचा क्रम त्यांनी जसाच्या तसा मैदानात उतरवला. उजव्या कडेला इंगवले, डाव्या कडेला साळोखे. मध्ये पुढं निकम, कारण वस्तादांचं घराणं पालखीच्या पुढं चालतं. गोलात गुरव, कारण देवाला काय किंवा बॉलला काय, हात लावायचा अधिकार त्यांचाच. खेळ येतो का, पाय कुठला चालतो, असले प्रश्न नंतर कुणी विचारले नाहीत.

आता इंगवल्यांच्या पोटी डाव्या पायाचा मुलगा जन्मला आणि साळोख्यांच्या पोटी उजव्या, याला कोण काय करणार? आमच्या घरात लहानपणापासून माझा डावा पाय म्हणजे अंगावरचा डाग असल्यासारखा झाकून ठेवायचा विषय होता.

आबा स्वतः त्यांच्या काळातले नावाजलेले राइट विंगर. कडेची चुन्याची लाईन धरून पळायचे आणि टोकाला जाऊन असं सेंटर टाकायचे, की म्हणे समोरचे लोकही टाळ्या वाजवायचे. गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग त्यांनी पिठाची गिरणी घातली. गिरणीच्या धडधडीत गिऱ्हाइकाशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता, की घरात ते ‘मीठ दे’ म्हणाले तरी शेजारची बाई मीठ घेऊन यायची.

तो आवाज माझ्या प्रत्येक मॅचला माझ्याबरोबर पळायचा. उजव्या कडेला लाईनीपासून हातभर अंतरावर आबा पत्र्याची खुर्ची टाकून बसायचे. तोही मानाचाच भाग. ‘लाईन धर! लाईन सोडू नको! सेंटर दे!’ एवढी तीन वाक्यं, आणि ती किक ऑफपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. हाफ टाइमला टीमांची गोलं बदलली, की माझी उजवी बाजू मैदानाच्या पलीकडं जायची. मग आबा खुर्ची डोक्यावर घेऊन लंगडत मैदानाला वळसा घालायचे. तिकडून रावबा साळोखे त्यांची खुर्ची घेऊन निघायचे. गोलाच्या मागं दोघांची गाठ पडायची आणि दोघं एकमेकांकडं न बघता पुढं जायचे. लोक चिरमुरे खात हे बघायला थांबायचे.

मी लाईन सोडत नव्हतो. सेंटर मात्र उजव्या पायानं जात नव्हतं. गेलं तर कधी टाकीवर, कधी शेंगावाल्याच्या टोपलीत.

आणि आता फायनल होती, तीही तोफमाळ तालमीशी. फायनल बघायला एका बँकेच्या टीमचे निवडकर्ते येणार होते, शिंत्रे साहेब म्हणून. त्यांना विंगर हवा होता, तोही डाव्या बाजूचा. निवड झाली की बँकेत नोकरी. मी तेव्हा उद्यमनगरात लेथवर उभा राहायचो. रोज संध्याकाळी बोटांत रुतलेले लोखंडाचे बारीक कीस आई सुईनं काढायची. त्यामुळं ती नोकरी मला किती हवी होती, हे मी वेगळं सांगत बसत नाही. सरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, ‘डाव्या कडेला उभा राहिलास तर घेतील. उजव्या कडेला असाच घुटमळत राहिलास तर शिंत्रे साहेब शेंगा खाऊन परत जातील.’

घरी त्या दिवशी जेवताना आबांनी ताट पुढं सरकवलं.

‘माझ्या आज्ज्यानं मिळवलेली बाजू हाय ती. नोकरीसाठी इकू व्हय?’

‘पोराच्या जल्माचा प्रश्न हाय,’ आई म्हणाली.

‘मानाचा बी हाय.’

‘मला एक कळत न्हाई,’ आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘एवढं थोरलं मैदान, आन् माझ्या पोराला कडंलाच का पळवताय? मधी जागा न्हाई काय?’

आबांनी तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की तिनं पुढची भाकरी गप थापली. मी काहीच बोललो नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं. आमच्या घरात पोराला मैदानात कुठं पळवायचं हे पोराला विचारणं म्हणजे पालखीच्या दांड्याला विचारण्यापैकी होतं.

शेवटी प्रकरण गेलं हिंदुराव वस्तादांकडं. वस्ताद निकम म्हणजे तालमीचा शेवटचा शब्द. कुस्तीतला त्यांचा अधिकार मोठा. फुटबॉल ते तालमीची इभ्रत म्हणून बघायला यायचे, पण अर्धाच. हाफ टाइमला त्यांची म्हशीची धार काढायची वेळ व्हायची. म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. त्यामुळं वस्तादांनी उभ्या आयुष्यात एकही सेकंड हाफ बघितलेला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचा परिणाम काय होईल हे त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मारुतीच्या समोर सगळे जमले. गावडे सरांनी पुन्हा डावा पाय आणि उजवा पाय समजावून सांगितला. वस्तादांनी डोळे मिटून ऐकलं.

‘सर म्हणत्यात त्यात खोट न्हाई,’ ते म्हणाले. ‘डाव्या हाताचा पैलवान उजव्या बाजूनं पट काढाय गेला तर आपटतोय. पण मान बी मोडायचा न्हाई. तवा फायनलपुरती अदलाबदल. घरं राजीखुशीनं एकमेकांला बाजू देतील, नारळ देतील, फेटा बांधतील. मॅच झाली की ज्याची बाजू त्याला माघारी.’

‘देतो,’ रावबा म्हणाले. ‘पर टाकीकडची बाजू आमची. तितं इंगवल्याचं पोरगं पळंल तर पळू दे. इंगवल्याचा आवाज तितं यायचा न्हाई.’

‘मग साळोख्याचा आवाज पायऱ्यांकडं यायचा न्हाई!’ आबा ओरडले. देवळातल्या घंटेला बारीक कंप सुटला.

आमच्या मैदानाच्या एका अंगाला पाण्याची टाकी होती आणि दुसऱ्या अंगाला दगडी पायऱ्या. वस्तादांनी जेवढ्या अर्ध्या मॅच बघितल्या होत्या, त्यातल्या बहुतेकांत साळोखे टाकीकडं पळत होते आणि इंगवले पायऱ्यांकडं. त्यांच्या हिशेबी टाकी म्हणजे डावी बाजू, कायमची, जशी पूर्व म्हणजे पूर्व.

‘ठरलं,’ वस्ताद म्हणाले. ‘रणू टाकीकडं पळंल. प्रताप पायऱ्यांकडं पळंल. रावबा टाकीकडं बसंल, यशवंता पायऱ्यांकडं बसंल. सुरवातीपास्नं शेवटपतोर कुणी जागा बदलायची न्हाई, आन् आपला आवाज दुसऱ्याच्या बाजूला जाऊ द्यायचा न्हाई. उचला भंडारा.’

आता मारुतीपुढं भंडारा कुठला? पण आमच्याकडं शपथ म्हटली की भंडाराच लागतो, शेंदरावर कुणाचा विश्वास बसत नाही. गुरवानं घरून जेजुरीची पुडी आणली. आबांनी उचलला, रावबांनी उचलला, मग मी आणि प्रतापनं. चौघांचे तळवे पिवळे झाले. भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कोर्टातसुद्धा फिरत नाही.

हाफ टाइमनंतर गोलं बदलतात. माझे वडील वर्षानुवर्षं डोक्यावर खुर्ची घेऊन मैदानाला वळसा घालत होते. रावबाही घालत होते. पण त्या वेळी दोघं एकमेकांचा आवाज बंद करण्यात एवढे गुंतले होते, की त्यांना भान नव्हतं. प्रताप आणि मी मनातल्या मनात उड्या मारत होतो. सरांना आपला मुद्दा पटला याचाच एवढा आनंद झाला होता, की ते वस्तादांच्या पाया पडले.

सरांच्या लक्षात आलं ते फायनलच्या दिवशी, टॉसची शिट्टी झाली तेव्हा. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

‘रणधीर,’ ते हळूच म्हणाले, ‘आपण त्या अंगाच्या गोलावर चाल करायला लागलो, तर टाकी उजव्या हाताला येते की रे.’

नाणं वर गेलं. सरांनी डोळे मिटले. टॉस आम्ही जिंकला आणि टाकी डाव्या हाताला येईल असं गोल निवडलं. सरांनी घाम पुसला. नंतरचं नंतर बघू, असं पलटणीतल्या माणसानं म्हणू नये, पण ते म्हणाले.

मी टाकीकडं गेलो. लाईनीबाहेर रावबा खुर्चीवर बसले होते. जन्मभर ज्या घराशी आमचं पटलं नाही, त्या घराच्या बाजूला मी उभा होतो. रावबांनी मला खालून वर न्याहाळलं, मग उठून हात जोडले.

‘या पाव्हणं,’ ते म्हणाले. ‘पाणी घेता?’

हे मी धरून चाललो नव्हतो. पण साळोख्यांच्या बाजूला आलेला माणूस तो त्यांचा पाहुणा, आणि पाहुण्याला कुणी वेडंवाकडं बोलत नाही. रावबांनी खरंच तांब्या पुढं केला. मी पाणी प्यालो. पंचांनी शिट्टी वाजवली.

पहिला हाफ म्हणजे माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. डावी कड आणि डावा पाय. बॉल आला की पुढं ढकलायचा, पळायचं, आणि टोकाला जाऊन पायाला बसेल तसं सेंटर. एकही टाकीवर गेलं नाही, एकही शेंगांत गेलं नाही. सगळी गोलासमोर, डोक्याच्या उंचीवर, अलगद. पायऱ्यांवरून लोक ‘वा रं पठ्ठ्या’ म्हणायला लागले. शिंत्रे साहेब पायऱ्यांच्या मधोमध बसले होते. पांढऱ्या टोपीमुळं ते मला लांबूनही दिसत होते.

एकच अडचण होती. गोलासमोर उभा होता हणमा, हणमंत निकम, वस्तादांचा नातू. खांदे असे की दारातून तिरका व्हावा लागायचा. पण वस्तादांनी त्याला पाळण्यात असल्यापासून शिकवलं होतं, की पैलवानानं पाय जमिनीवरून सोडायचा नाही. त्यामुळं हणमा उडी मारायचा नाही. डोक्यावरून बॉल जायचा आणि हणमा तो कुठून आला, कुठं गेला, हे मान वळवून बघायचा. त्याचे वडीलही उडी मारत नसत, आजोबा तर नाहीच. एवढ्या वर्षांत आमच्या तालमीत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, की इंगवले आणि साळोखे ज्यांच्या डोक्यावर सेंटर टाकतात, ते निकम तत्त्व म्हणून जमीन सोडत नाहीत.

तोफमाळवाल्यांनी दरम्यान एक गोल चढवला. आमच्या गुरवाचे हात त्या दिवशी देवपूजेलाच लागले असावेत. हाफ टाइमला आम्ही एका गोलानं मागं होतो.

वस्ताद त्या दिवशी घरी गेले नाहीत. शपथ त्यांच्यासमोर झाली होती, तेव्हा ती पाळली जाते की नाही हे बघायला त्यांनाच थांबणं भाग होतं. म्हशीकडं सुनेला पाठवलं होतं, वस्तादांचं धोतर नेसवून.

गावडे सर पळत त्यांच्यापाशी गेले.

‘वस्ताद, आता बाजू बदलतात. रणधीरला पायऱ्यांकडं जाऊ द्या.’

‘कुणाच्या बाजू बदलत्यात?’

‘सगळ्यांच्या. हाफ टाइमला बदलतातच.’

‘कुणाला इचारून?’

‘अवो, नियम आहे. पंच बदलायला लावतात.’

‘पंचानं भंडारा उचललाय काय?’

‘न्हाई.’

‘मग त्याला जाऊ दे कुठं जायचं तिकडं. आपली पोरं हाय तितंच पळतील.’

‘अवो पण आता टाकीची बाजू उजवी झाली की!’

वस्तादांनी टाकीकडं बघितलं. टाकी जागच्या जागी होती. ‘सर,’ ते समजुतीनं म्हणाले, ‘उन्हात लई वेळ उभं ऱ्हाऊ नका.’

मी आबांकडं बघितलं. आबांनी खुर्ची अर्धी उचलली होती, सवयीनं. मग शब्द आठवला असावा. त्यांनी ती परत खाली ठेवली. शब्द म्हणजे शब्द. पलीकडं रावबाही उठून परत बसले. त्या मैदानावर पहिल्यांदाच हाफ टाइमला खुर्च्या निघाल्या नाहीत, आणि लोकांना कसंतरीच झालं.

मी पुन्हा टाकीकडं गेलो, पण आता ती माझी उजवी बाजू होती. नकोशी वाटणारी, उजव्या पायाची, घराण्याची बाजू. मला रडू येत होतं. शिंत्रे साहेबांना डाव्या बाजूचा माणूस हवा होता आणि मी उरलेला सगळा वेळ उजवीकडं टाकीच्या सावलीत घालवणार होतो. नोकरी गेली, लेथ राहिली, असं मी मनात म्हणून टाकलं.

‘पाव्हणं, पाणी?’ रावबांनी विचारलं.

मी मान हलवली. तेवढ्यात बॉल माझ्याकडं आला.

मी लाईन धरली, पळालो आणि टोकाला जाऊन थांबलो. उजव्या कडेच्या सवयीनं वाटलं, आता आबा ओरडणार, ‘सेंटर दे!’ माझी पाठ आपोआप ताठ झाली. कुणीच ओरडलं नाही. मी पलीकडं बघितलं. मैदानाच्या त्या टोकाला आबा खुर्चीत बसले होते आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दातांत घट्ट धरला होता. त्यांचा आवाज एवढा होता, की तोंड उघडलं असतं तर तो मैदान ओलांडून टाकीकडं पोचला असता, आणि शपथ मोडली असती. त्यांच्या मानेच्या शिरा मला इथून दिसत होत्या. डोळे मोठे झाले होते. पण टॉवेल त्यांनी सोडला नाही.

आणि रावबा? रावबा पाहुण्यावर ओरडणार कसे. ते खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले होते, जावयाकडं बघावं तसे.

मैदान एवढं शांत मला कधी भेटलं नव्हतं. बॉल माझ्या पायात होता, समोर त्यांचा बॅक होता. तो मला ओळखत होता. हा लाईननं जाणार, घुटमळणार, बॉल फिरवणार, हे त्याला पाठ होतं. त्यानं लाईनीकडचा रस्ता अडवला होता. आतला रस्ता मोकळा होता. तो रस्ता तिथं नेहमीच असणार, पण मला तो दिसला त्या दिवशी.

मी लाईन सोडली. डाव्या पायानं बॉल आत ओढला आणि गोलाकडं तिरका सुटलो. बॅक लाईनीकडंच बघत राहिला. मारला तो खांबाला लागून बाहेर गेला. पायऱ्यांवरून मोठा आवाज झाला. मी घाबरून आबांकडं बघितलं. टॉवेल तोंडातच होता, पण आबा उभे राहिले होते.

दुसऱ्या वेळी मी तसाच आत शिरलो आणि या वेळी बॉल लांबच्या खांबाच्या आतून जाळीत गेला. आम्ही बरोबरीला आलो. रावबांनी येऊन मला मिठी मारली, मग आपण कुणाला मिठी मारली हे लक्षात येऊन ते मागं सरले आणि त्यांनी पुन्हा पाण्याचा तांब्या पुढं केला. पलीकडं प्रतापलाही ते कळलं. तोही डावीकडून उजव्या पायावर बॉल घेऊन आत शिरायला लागला. त्याच्या बाजूला आबा बसले होते, आणि तो त्यांचा पाहुणा असल्यामुळं आबाही त्याला काही बोलू शकत नव्हते. तोफमाळच्या बॅकना काय करावं सुचेना. ज्या पोरांना ते वर्षानुवर्षं लाईनीत कोंडत आले होते, ती पोरं मधूनच उगवत होती.

‘हे समदे उलट्या दिशेनं का पळाय लागल्यात?’ वस्ताद शेजाऱ्याला विचारत होते. ‘मगाशी तर तिकडं पळत हुते.’

शेवटच्या मिनिटांत मी पुन्हा आत शिरलो. समोर दोघं आले. मध्ये हणमा उभा होता, दोन्ही पाय जमिनीवर रोवून. मी बॉल उचललाच नाही. जमिनीवरून, सरळ त्याच्या उजव्या पायासमोर दिला. हणमानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या उंचीचा बॉल बघितला. त्यानं तो असा मारला, की जाळीसकट गोल मागं सरकलं. त्याचा पाय तेवढा वेळ जमिनीवरून उचलला गेला, पण वस्तादांनी तो गुन्हा माफ केला.

आम्ही जिंकलो. गुलाल उडाला. सगळी पेठ मैदानात उतरली. मला खांद्यावर घेतलं, खाली टाकलं, परत घेतलं. मी मात्र पांढरी टोपी शोधत होतो.

टोपी आबांच्या खुर्चीपाशी उभी होती. मी गर्दीतून वाट काढत तिथं गेलो. वस्ताद आले होते, रावबा आले होते, गावडे सर तर धापा टाकत उभे होते.

‘मुलगा तुमचा का?’ शिंत्रे साहेबांनी आबांना विचारलं. ‘छान खेळला. माझी एकच अडचण आहे. आमच्याकडं जागा आहे ती डाव्या बाजूची. हा पहिल्या हाफमध्ये डावीकडं होता आणि दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडं. मला आता सांगा, हा मूळचा कुठला?’

सरांनी मागून आबांच्या पाठीत बोट टोचलं. ‘डावा म्हणा, डावा,’ असं ते पुटपुटत होते. रावबांनी श्वास रोखला होता. वस्ताद कान देऊन ऐकत होते. आबा डावा म्हणाले असते, तर सगळ्या पेठेसमोर इंगवल्यांची बाजू कायमची गेली असती. उजवा म्हणाले असते, तर माझी नोकरी गेली असती.

आबांनी टॉवेल तोंडातून काढला. त्याला दातांच्या खुणा पडल्या होत्या.

‘ठाऊक न्हाई, साहेब,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा हळू होता, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

‘ठाऊक नाही? वडील ना तुम्ही?’

‘व्हय, वडील हाय की. पर ह्याला खेळताना आजच बघितलं. एवढी वर्सं मीच खेळत हुतो.’

रावबांनी मान खाली घातली. सरांचं बोट आबांच्या पाठीवर तसंच राहिलं.

‘मग कुठली बाजू लिहू?’ शिंत्रे साहेब म्हणाले.

‘त्यालाच इचारा.’

साहेब माझ्याकडं वळले. सगळेच वळले. एवढ्या माणसांत मला काही विचारलं जाण्याची ही पहिलीच वेळ होती. डावी कड काय, उजवी कड काय, मला दोन्हीकडचं सगळं एकदम दिसत होतं.

‘कुठल्या बी कडंला उभा करा, साहेब,’ मी म्हणालो. ‘मी तितनं आत येणार.’

शिंत्रे साहेब हसले आणि सोमवारी सकाळी बँकेत या म्हणाले. गावडे सरांनी तिथंच मला सॅल्यूट ठोकला. आबा मात्र माझ्याकडं बघतच राहिले, कुणी माझी नव्यानं ओळख करून दिल्यासारखे. मग ते शेजारी उभ्या असलेल्या रावबांकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी ते कधी सरळ बोलले नव्हते.

‘ऐकलंस काय रावबा?’ आबा म्हणाले. ‘पोरगं बोलतंय बी.’